हवालदारांची पँट आणि माझं वॉरंट

मला अटक करायला आलेल्या हवालदारांच्या कंबरेचं माप मी घेतलं, ही गोष्ट खरी आहे. लोक ती वाढवून सांगतात, म्हणून जशी घडली तशी लिहून ठेवतो.

केजमध्ये माझं टेलरिंगचं दुकान आहे. पँट, शर्ट, शाळेचे गणवेश, आणि लग्नसराईत गिऱ्हाईक फारच मागे लागलं तर सफारी. त्या सोमवारी सकाळी मी मान खाली घालून काजं करत बसलो होतो. उंबऱ्यात सावली पडली म्हणून वर पाहिलं तर खाकी वर्दी. चाळिशीचा माणूस, गोल चेहरा, काखेत प्लास्टिकची फाइल. ठाण्यात नवीन बदलून आलेले असणार, कारण जुने सगळे माझ्या ओळखीचे. त्यांच्या वर्द्या दरवर्षी मीच ढिल्या करतो.

"टेलर तुमीच का?" त्यांनी विचारलं.

वर्दीतला माणूस माझ्या दुकानात एकाच कामासाठी येतो. मी गळ्यातली टेप काढली आणि म्हणालो, "या साहेब. हात वर करा."

त्यांनी हात वर केले. का केले, ते त्यांनाही कळलं नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. 

"पोट आत घेऊ नका," मी म्हणालो. "आत घेतलेल्या पोटाचं माप धरलं की पँट उभ्यानं बसती, जेवताना बसत न्हाई."

त्यांनी श्वास सोडला. मी टेप वाचली. "अडतीस."

"अडतीस?" त्यांचा चेहरा पडला. "मागच्या वर्षी चौतीस व्हती."

"मागचं वर्ष मागं गेलं, साहेब."

ते बिचारे जरा वेळ टेपकडे बघत राहिले. मग बाहेर गेले आणि मोटारसायकलच्या डिकीतून एक पिशवी घेऊन आले. तिच्यात खरोखरच एक खाकी पँट होती. कुठल्या तरी टेलरकडं टाकायची म्हणून आठवडाभर ते ती बरोबर घेऊन फिरत होते. मी पँट उलटी केली, आतली शिवण बघितली. शिवणीच्या आत टेलर जे जास्तीचं कापड ठेवतो त्याला आम्ही माया म्हणतो. या पँटीला माया भरपूर होती. शिवणारा दूरदृष्टीचा होता.

"गुरुवारी परेड हाय," ते म्हणाले. "मोठे साहेब तपासणीला येणार हायेत. बुधवारी संध्याकाळी पाहिजे म्हणजे पाहिजेच."

"बुधवारी या," मी म्हणालो, आणि पिशवीवर खडूनं अडतीस लिहिलं.

मग त्यांनी फाइल उघडली. "आता माझं काम." आणि एका कागदावरून त्यांनी एक नाव वाचलं. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव, धंदा टेलरिंग, राहणार केज. "ह्यांच्या नावाचं कोर्टाचं वॉरंट हाय. कुठं हायेत?"

आयुष्यात मी खोटं कमी बोललोय असं नाही. 'उद्या देतो' हे आमच्या धंद्यात रोज बोलावं लागतं. पण त्या दिवशी तोंडातून जे निघालं ते मी ठरवून बोललो नाही.

"ते मालक," मी म्हणालो. "मी कारागीर."

"मालक कुठायत?"

"गावाला गेलेत."

"कोणत्या?"

"सांगून जात न्हाईत."

हवालदारांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली. तिथं माझा फोटो चिकटवलेलं शिवणकामाचं जुनं प्रमाणपत्र लटकलेलं आहे. फोटोत मला भरपूर केस आणि मिशी आहे. आता दोन्ही नाहीत.

"हे मालक का?"

"हां."

त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. "लई सारखे दिसता तुमी."

"वीस वर्षं एकाच दुकानात बसलो की होतंय तसं," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं. खरंच पटलं. "मालक आले की ठाण्यात पाठवून द्या," असं सांगून ते गेले आणि मी मशीनवर हात टेकून बसून राहिलो.

आता हे वॉरंट आलं कुठून, ते सांगायला हवं.

सात-आठ वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी मी चौकात चहा पीत उभा होतो. पोलिसांनी एक जीप अडवली होती. मागच्या सीटवर दोन तरुण आणि त्यांच्या मधे गोधडी पांघरलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक म्हातारी. "आज्जीला ताप हाय, दवाखान्यात न्यायचंय," असं एक जण पोलिसांना सांगत होता. तेवढ्यात आज्जी ओरडली. ब्यँऽऽ म्हणून. पोलिसांनी गोधडी ओढली तर आत बोकड. बोकडाच्या अंगात माणसाचा फुलबाह्यांचा शर्ट, पुढचे दोन पाय बाह्यांत घातलेले, बटणं नीट लावलेली. गोधडी सरकली तरी माणूस दिसावा म्हणून केलेली ती सोय होती. बोकड चोरीचा होता. पंचनाम्याला दोन पंच पाहिजे होते. पोलिसांनी हाक मारली, मी कप ठेवून गेलो, बघितलं, दुसरा पंच असलेल्या पानपट्टीवाल्याच्या सहीखाली सही केली आणि परत येऊन उरलेला चहा प्यालो. माझ्या लेखी विषय संपला.

पण कोर्टात तो संपला नव्हता. गेल्या वर्षी मला समन्स आलं, साक्षीला हजर राहा म्हणून. मी ते घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. या माणसानं कोर्टाची इतकी कागदं झेरॉक्स केलीत की त्याला सगळा कायदा पाठ झालाय असं तो समजतो, आणि आम्हीही समजायचो. त्यानं समन्स उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "पंचाला जायची गरज नसती वो. तारीख पडती. तुमी आपलं शिवत बसा." मी शिवत बसलो. दुसरं समन्स आलं तेव्हा लग्नसराई होती, एकाच नवरदेवाच्या घरच्या अकरा सफारी माझ्याकडे पडल्या होत्या. तेही समन्स खणात गेलं.

तर हवालदार गेल्यावर मी पुन्हा त्याच झेरॉक्सवाल्याकडे गेलो. का गेलो, ते आज लिहितानाही मलाच कळत नाही.

त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. मशीन बंद केलं. हळू आवाजात विचारलं, "वॉरंट म्हणाले? समन्स न्हाई, वॉरंट?"

"वॉरंट."

"मग अंडरग्राउंड व्हावं लागतंय," तो म्हणाला. "पंधरा दिवस सापडला न्हाईत की वॉरंट बाद होतंय. दुधावानी असतंय ते, टिकत न्हाई." 

वॉरंट दुधासारखं नसतं. कोर्ट ते रद्द करत नाही किंवा ते बजावलं जात नाही तोवर ते तसंच राहतं, दहा वर्षं का होईनात. पण हे मला नंतर कळलं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "कशाला जायचं पळून? ठाण्यात जा अन् विचारा ना, काय हाय म्हणून."

"तुला कायद्यातलं कळत न्हाई."

"तुमाला कळतंय?"

मी पिशवी भरली. दोन शर्ट, धोतर-पंचा, औषधाची गोळी, चष्मा. दुकानातून कात्री आणि टेपही घेतली, कारण त्यांच्याशिवाय मला उघडं पडल्यासारखं वाटतं. घाईघाईत टेबलावरची पिशवी होती तशी आत कोंबली आणि सिरसाळ्याला थोरल्या बहिणीकडे निघालो.

फरार माणसाचा प्रवास कसा असतो, ते एसटीत कळलं. कंडक्टरचा गणवेशही खाकीच. तो तिकिटासाठी जवळ आला की मी उभा राहायचो. दोनदा उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला, "काका, बसा ना. तिकीट काढलंय तुमी." धारूरच्या घाटात गाडी थांबली तर मला वाटलं नाकाबंदी. पुढं म्हशी आडव्या आल्या होत्या. तेलगावला गाडी बदलताना मी डोक्याला रुमाल बांधला आणि तोंड झाकलं. लगेच एका बाईनं विचारलं, "दाढ दुखतीय का भाऊ?" आणि सगळ्या स्टँडवर माझ्या दाढेवर उपाय सुरू झाले. लवंगेपासून मिठाच्या पाण्यापर्यंत. इतक्या लोकांनी मला कधीच नीट बघितलं नव्हतं.

बहिणीनं दार उघडलं आणि माझा चेहरा बघूनच कपाळाला हात लावला. "काय झालं रे?"

"वॉरंट निघालंय, ताई."

तिनं तिथंच बसकण मारली. "कुणाला मारलंस?"

"कुणाला न्हाई."

"मग कुणाची बाई..."

"ताई!"

दाजी गोठ्यातून आले. आमचे दाजी शेती करतात आणि पन्नास-साठ शेरडं राखतात. माणूस कमी बोलतो. शेरडांबरोबर राहून त्यांना बडबडीची सवय लागलेली नाही. त्यांनी मला पाणी दिलं, समोर बसले आणि म्हणाले, "वॉरंट दाखव."

"माझ्याकडं न्हाई. हवालदारांकडं हाय."

"वाचलंस का?"

"न्हाई."

"कशाचं हाय?"

"बोकडाच्या चोरीचं."

बहिणीनं तोंडाला पदर लावला. दाजींनी फक्त एकदा गोठ्याकडे बघितलं. त्यांनी बोकडं मोजली असं मी म्हणणार नाही, पण नजर त्या अंगाला गेली खरी.

मग मी सगळं सांगितलं. जीप, आज्जी, शर्ट, समन्स, झेरॉक्सवाला. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू आरोपी न्हाईस. साक्षीदार हायेस."

"पण वॉरंट..."

"वाचल्याबिगर काय कळंल?" एवढं बोलून ते शेरडांना पाला टाकायला गेले.

मी अंगावरचे कपडे बदलायला पिशवी उघडली. वर माझे शर्ट, खाली औषध, आणि त्याखाली खडूनं अडतीस लिहिलेली पिशवी. तिच्यात हवालदारांची पँट.

मी इतका वेळ नुसता फरार होतो. आता सरकारी वर्दी घेऊन फरार होतो. झेरॉक्सवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "पोलिसाची वर्दी? ती घालून कुठं गेलता का?"

"न्हाई!"

"मग एकच कलम लागंल. घातली असती तर दोन." आणि पुढं म्हणाला, "माझ्याशी बोललात हे कुणाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली होती. बहिणीनं फक्त एका शेजारणीला सांगितलं होतं, तेही शपथ घालून. माझ्याकडे बघायची लोकांची नजर बदलली. किराणा दुकानात गेलो तर रांगेतल्या दोघांनी मला पुढं जाऊ दिलं. हॉटेलात चहा मागितला तर तो बशीसकट आणि लगेच आला. माझं वजन पन्नास किलो, दमा आहे, उंदीर दिसला तरी मी मशीनवर पाय घेतो. पण वॉरंट असलेल्या माणसाला लोक वेगळ्या उंचीनं मोजतात. दुपारी एक पैलवानासारखा शेतकरी आला आणि खाली बसून अदबीनं म्हणाला, "मामा, शेजाऱ्यासंगं बांधाचं भांडण हाय. तुमी काय बोलू नका. नुसतं येऊन बांधावर उभं राहा."

मी गेलो नाही. पण खोटं कशाला बोलू, अर्धा मिनिट मी विचार केला होता.

बुधवारी दुपारी बायकोचा फोन आला.

"हवालदार आलते," ती म्हणाली.

"वॉरंट घेऊन?"

"पँट न्यायला. दुकान बंद दिसलं म्हणून विचारत विचारत घरी आले. लई चिडलेत."

"वॉरंटवरून?"

"वॉरंटचं त्यांनी नाव पण काढलं न्हाई. पँटीवरून चिडलेत. उद्या परेड हाय, दुसरी पँट त्यांना बसत न्हाई. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. बसवलं, चहा दिला. त्यांनी ते प्रमाणपत्र परत आठवून बघितलं अन् म्हणाले, 'म्हंजे तेच ते?' मी म्हणलं, तेच ते."

"मग?"

"मग मी म्हणलं, मला तो कागद दाखवा. त्यांनी दाखवला. मी फोटो काढलाय, पाठवते. वाचा एकदा. माणसानं कागद वाचावा."

फोटो आला. मोबाइल दाजींनी घेतला, लांब धरला, ओठ हलवत वाचला. मग बोटानं एकेक ठिकाण मोठं करून मला दाखवलं. वर कोर्टाचं नाव. खाली कोर्टाचा गोल शिक्का आणि न्यायाधीशांची सही. केसचा नंबर. माझं नाव, आणि नावापुढं लिहिलेलं 'साक्षीदार'. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात 'जामीनपात्र वॉरंट'.

"जामीनपात्र म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे पोलीस धरतेत, पण जामीन द्यायला तू तयार असलास की सोडतेत. हक्कानं सोडतेत, मेहरबानीनं न्हाई. तारखेला कोर्टात येतो असं लिहून द्यायचं, एक जामीनदार द्यायचा." दाजींच्या चुलत्याच्या जमिनीची केस पंधरा वर्षं चालली होती, तिथं ते हे शिकले होते. "तू परवाच कागद वाचला असतास तर आज दुकानात असतास. अन् आता पुढच्या तारखेला गेला न्हाईस तर अजामीनपात्र निघंल. मग मात्र पोलिसाच्या हातात काय राहत न्हाई, थेट कोर्टापुढं उभं करतेत."

"जामीनदार कोण?"

"शेरडांचं बघायला सांगतो कुणाला तरी," दाजी म्हणाले आणि उठले.

पण आधी पँट. बहिणीचं जुनं हातमशीन माळ्यावरून काढलं, तेल घातलं. मी शिवण उसवली, माया बाहेर काढली, बेल्टच्या पट्ट्या नव्यानं बसवल्या. बहीण चाक फिरवत होती आणि अधूनमधून डोळे पुसत होती. भावावर फरार होऊन पोलिसाची पँट शिवायची वेळ आली, असं काहीतरी तिचं चाललं होतं. इस्त्री नव्हती म्हणून तांब्यात निखारे भरून पँटीवर फिरवला. घडी अशी पडली की हात लावला तर कापेल. उन्हं उतरायच्या आत आम्ही केजकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसलो होतो.

ठाण्यात हवालदार टेबलाशी बसले होते. मला बघून उभे राहिले. मी काही बोलायच्या आत दोन्ही हातांनी पँट पुढं केली.

ते पँट घेऊन आतल्या खोलीत गेले. दाजी आणि मी बाकावर बसलो. दाजी म्हणाले, "बसली तर बरं." पाच मिनिटांनी हवालदार बाहेर आले. पँट घातलेली. एकदा खाली बसले, उठले, पुन्हा बसले. तोंडावर समाधान लपत नव्हतं, पण त्यांनी चेहरा ओढून ताणून गंभीर केला.

"कारागीर चांगला हाय," ते म्हणाले. "मालक खोटारडा हाय."

"चुकलं, साहेब."

"अवो, साक्षीचं साधं वॉरंट ते. मी तुमाला तिथंच सही घेऊन सोडणार व्हतो. जामीनदार बोलवायचा, कागद भरायचा, संपलं. अन् तुमी जिल्हा हिंडवला माझ्या पँटीला."

"मला वाटलं, आत टाकता."

"आत कशाला? बोकड तुमी नेलता का?" मग त्यांनी कागद पुढं ओढला. "पुढं कुणीबी वॉरंट घेऊन आला तर पळू नका. दाखवा म्हणायचं. नाव वाचायचं, कोर्टाचा शिक्का बघायचा, जामीनपात्र हाय का न्हाई ते बघायचं. घाबरायचं असलं तर त्याच्यानंतर घाबरा."

त्यांनी रीतसर मला ताब्यात घेतल्याचं लिहिलं. म्हणजे कागदोपत्री मी अटकेत होतो, साधारण पंचवीस मिनिटं. त्यातली दहा मिनिटं मी त्यांच्या शर्टाचं सैल झालेलं बटण पक्कं करण्यात घालवली. मग मी मुचलक्यावर सही केली, दाजींनी जामीनदार म्हणून केली, आणि मी सुटलो. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "आता त्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊ नको." गेलो नाही. एक वकीलबाई गाठल्या, ज्यांचे कोट मी शिवतो. 

तारखेला मी सकाळी दहालाच कोर्टात हजर. वकीलबाईंनी एक छोटा अर्ज लिहून आणला होता, की साक्षीदार हजर झाला आहे, गैरहजेरीबद्दल माफी मागतो, वॉरंट रद्द करावं. "मॅडमनी काही विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्या," त्या म्हणाल्या, "आणि झेरॉक्स हा शब्द काढू नका."

पुकारा झाला. न्यायाधीश मॅडम माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान होत्या. त्यांनी अर्ज वाचला. "दोन समन्स मिळाले होते. का आला नाहीत?"

"चुकलं, मॅडम. मला वाटलं, पंचाचं काम सहीपुरतं असतं."

"सही केली तिथंच तुमचं काम सुरू झालं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मला तो लागला. "दुसरे पंच हयात नाहीत. तुम्ही दोन वेळा आला नाहीत म्हणून दोन वेळा सगळे इथं येऊन परत गेले. ते मागे बसलेत ना, बोकडाचे मालक, तेही."

मी मागं वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर एक म्हातारा धनगर बसला होता, मांडीवर पटका काढून ठेवलेला. तो माझ्याकडे बघतच होता. तीन दिवस मी स्वतःला वाचवत पळालो, पण माझी वाट बघत कुणी बसलंय हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. तोंडातून दुसऱ्यांदा "चुकलं" निघालं, ते मॅडमना नव्हतं.

मॅडमनी समज दिली आणि वॉरंट रद्द केलं. लगेच साक्ष सुरू झाली. 

सरकारी वकिलांनी लाखेचं सील फोडून पाकिटातून एक शर्ट बाहेर काढला. "हा ओळखता का?"

"हो. बदामी टेरिकॉट. शिवलेला हाय, रेडिमेड न्हाई. तिसरं काज हातानं केलंय अन् ते वाकडं हाय. त्या दिवशीच डोळ्यात खुपलं व्हतं."

सरकारी वकील खुश झाले. मग आरोपींचे वकील उठले.

"तुम्ही जीपमध्ये बोकड बघितला की शर्ट बघितला?"

"दोन्ही. जास्त करून शर्ट."

"बोकडाचा रंग सांगा."

"शर्टाच्या बाहेर जेवढा व्हता तेवढा काळा."

"आणि शर्टाच्या आत?"

"ते मी कसं सांगणार, साहेब? बटणं लावलेली व्हती."

मागं कुणीतरी हसलं. मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं.

"तोच बोकड आज समोर आणला तर ओळखाल?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. शपथ घेतली होती. "शर्ट घातला तर ओळखीन."

आता मॅडमनाही हसू आवरेना. त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. आरोपींच्या वकिलांनी शेवटचा बाण सोडला. "हा शर्ट तुम्हीच शिवला असणार! म्हणून एवढा ओळखताय!"

याचा मात्र मला राग आला. "न्हाई साहेब. मी शिवला असता तर काखेत अशा चुण्या पडल्या नसत्या. माणसाला काय, बोकडालाबी नीट बसला असता."

"साक्षीदाराला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले आणि बसले.

बाहेर आलो तेव्हा दाजी व्हरांड्यात उभे होते. सकाळच्या गाडीनं ते सिरसाळ्याहून आले होते, जामीनदार म्हणून यायची काही गरज नसताना. तो म्हातारा धनगरही काठी टेकत आला. मी त्याला नमस्कार केला आणि म्हणालो, "बाबा, माझ्यामुळं तुमच्या दोन चकरा झाल्या."

"तीन," तो म्हणाला. "एकदा मीच चुकीच्या दिवशी आलतो." 

आम्ही समोरच्या हॉटेलात भजी खाल्ली. म्हातारा आणि दाजी शेरडांच्या आजारांवर बोलत राहिले, लाळ्या-खुरकूत, पावसाळ्यातला खोकला, आणि मला कुणी विचारेना. बोकडाचं पुढं काय झालं, असं मी शेवटी विचारलं. म्हाताऱ्यानं भजं चावून संपवलं. "परत आणला, पण बिघडला बघा. थंडी पडली की शेरडांत थांबत नसायचा. घरात यायचा अन् गोधडीत शिरायचा. आमची म्हातारी हाकलायची, पण तिनंच त्याला एक जुनं पोतं शिवून दिलं पाठीवर. लई दिवस जगला. बाजारात विकायला नेऊ वाटलं न्हाई मग."

पुढं काही महिन्यांनी निकाल लागला आणि दोघेही दोषी ठरले, असं हवालदारांनी मला येता-जाता सांगितलं. त्या दिवशी मात्र निकालाचं कुणाच्याच मनात नव्हतं. म्हाताऱ्याच्या वाडीकडची जीप आधी आली. भरली होती, पण आतल्या लोकांनी सरकून जागा केली. दाजींनी त्याची काठी आत दिली. तो खिडकीतून म्हणाला, "आमच्या वाडीला या कधी." मी म्हणालो, "येतो." दाजी म्हणाले, "तारीख सांगा नीट, न्हाईतर येणार न्हाई हा," आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. दाजींना इतकं हसताना मी ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो.